पाचवा दगड

आधीच सांगून टाकते, आम्हाला मूल झालं नाही. म्हणजे शेवटी पाळणा हलेल म्हणून तुम्ही वाट बघत बसायला नको. बाईने नवस बोलावा आणि वर्षाच्या आत घरात पेढे वाटले जावेत, असल्या गोष्टी वाचल्या की माझं डोकं उठतं. माझ्या गोष्टीत नवस आहे, पेढे नाहीत.

पंचावन्न सालचा हिवाळा होता. माझा नवरा श्रीपाद दामले बोगद्यावर इंजिनिअर होता. नवऱ्याला नावाने लिहितेय, कारण 'हे आले, हे गेले' करत गोष्ट सांगता येत नाही. समोर मात्र जन्मभर 'अहो'च म्हटलं. शीळफाट्याजवळच्या एका डोंगरातून मुंबईला पाणी न्यायचा बोगदा खणायचं काम चाललं होतं आणि डोंगराच्या पायथ्याशी कामगारांची पत्र्याची वसाहत होती. तिच्या एका टोकाला आमच्या दोन खोल्या. मी ठाण्यात नौपाड्यात वाढलेली, मॅट्रिक झालेली, दर आठवड्याला वाचनालयाचं पुस्तक बदलणारी. त्या माळावर मला बोलायला चिटपाखरू नव्हतं.

माणसं नव्हती असं नाही. कामगारांच्या बायका होत्या, त्यांची पोरं होती. कामाला जाताना त्या बायका आमच्या मागच्या आंब्याला झोळ्या बांधून तान्ही निजवायच्या. मी आत भाकरी थापत असायची आणि बाहेर रडं सुरू झालं की मला कळायचं, ही उत्तमची धाकटी, हा मुकादमाचा नातू. तोंड न बघता, नुसत्या आवाजावरून. एकदा मुकादमीणबाई म्हणाल्या, "बाई, तुमचा कान आईचा आहे." त्यांनी कौतुकानेच म्हटलं होतं. त्या दिवशी मी भाकऱ्या करपवल्या.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी दोघांना तपासून सांगितलं होतं, दोष कुणातच नाही, वाट बघा. हळदीकुंकवाला गेलं की बायका माझी ओटी भरताना एकमेकींकडे बघायच्या. सासूबाई तोंडाने काही बोलत नसत, पण पत्रात दर वेळी कुणाच्या तरी बारशाची बातमी असायची. हे सगळं मी गिळलं असतं. गिळवत नव्हतं ते श्रीपादचं 'बघू'. मी रडले तरी 'बघू', मी भांडले तरी 'बघू'. एकदाही त्या माणसाच्या तोंडून आलं नाही की मलाही मूल हवंय. म्हणजे ही तहान माझी एकटीचीच होती की काय? रात्री शेजारी झोपलेल्या माणसाला हे विचारायची मला भीती वाटायची, कारण तो 'हो' म्हणाला असता तर मी काय केलं असतं?

तो बोलायचा ते डोंगराबद्दल. डोंगराचा वरचा भाग काळ्या पाषाणाचा होता, पण बोगदा जिथून जात होता तिथे एक तांबडा, गेरूसारखा थर लागला होता. कोरडा असला की दगडच वाटायचा. हवा आणि पाणी लागलं की फुगायचा, मऊ पडायचा आणि बोगद्यात उतरू लागायचा. त्याला धरायला साल झाडाच्या लाकडाचे टेकू, त्यांच्या डोक्यावर पाचरा ठोकून बसवलेल्या.

"पोखरलेला डोंगर बसणारच," जेवताना तो सांगायचा. "किती बसेल आणि कधी थांबेल, तेवढं आपण आधी सांगायचं."

"मग एकदम घट्ट अडवून का टाकत नाही?"

"लगेच अडवला तर लाकडं मोडतात. थोडा येऊ द्यायचा. त्याचा जोर उतरला की मग धरायचा. फार लवकर नाही, फार उशिरा नाही."

"तुम्हाला वाट बघायला आवडते, एवढंच खरं," मी म्हणायची. त्यावर तो ताक मागायचा.

तांबडा थर नेमका एका वाडीच्या खालून जात होता. जुन्नरकडून एका पिढीपूर्वी दगडखाणीवर आलेल्या लोकांची घरं होती ती, डोंगराच्या उतारावर. बोगदा आणि घरं यांच्यामध्ये जमिनीची जाडी कमी, त्यामुळे बोगद्यात थर उतरला की वर वाडी बसणार. म्हणून श्रीपादने वाडीतून ओळीने चौकोनी दगड बसवले होते. रोज सकाळी लांबच्या पक्क्या खडकाजवळ दुर्बीण लावायची, आनंदा नावाच्या खलाशाने, म्हणजे मोजणीच्या मदतनिसाने, एकेका दगडावर पट्टी उभी धरायची आणि कोणता दगड किती खाली गेला ते बघायचं. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. बोगद्यावर सगळे सुतातच बोलत. 'पाचवा आज एक सूत खाली', असा श्रीपादचा खणखणीत आवाज सकाळी वाडीभर ऐकू जायचा. घरी पुटपुटणाऱ्या माणसाला तिथे कुठून तो आवाज सापडायचा, देव जाणे.

आणि इथे त्या हुशार माणसाने एक गाढवपणा केला. दगड लांबून दिसावेत म्हणून त्याने त्यांना रंग द्यायला सांगितलं. गोदामात लोखंडाला लावायचा शेंदरी रंग उरला होता, आनंदाने तोच फासला. उघड्यावर, झाडाखाली शेंदरी दगड, आणि रोज सकाळी इंजिनिअर साहेब टोपी काढून, डोळा बारीक करून त्याच्याकडे बघतात! आपल्याकडे आणखी काय लागतं? आठवड्याभरात पाचव्या दगडावर जास्वंदीचं फूल दिसलं. मग उदबत्ती, मग खोबरं. श्रीपाद घरी येऊन हसला. "हलवू नका म्हणजे झालं, असं सांगून आलोय," म्हणाला. मी म्हटलं, "तुम्ही देव बसवलात, आता उठवता येणार नाही." मीही हसले होते तेव्हा.

पाचवा दगड कलावतीच्या दारासमोर होता. कलावती म्हणजे विठ्ठलची बायको, आणि विठ्ठल बोगद्यात टेकू बसवणाऱ्या टोळीत होता. लग्नाला अकरा वर्षं होऊनही तिची कूस उजवली नव्हती. तिने त्या दगडासमोर पदर पसरला आणि तिला दिवस गेले. योगायोग, दुसरं काय. मी श्रीपादला तसंच सांगितलं, चांगल्या ठसक्यात सांगितलं. मग मोरीत जाऊन चूळ भरत उभी राहिले.

दगडाची कीर्ती पसरली. डोंबिवलीहून एक जोडपं आलं. कलावतीने भोवती छोटा ओटा बांधला, शेणाने सारवला. ती रोज संध्याकाळी दिवा लावायची. मी खालून आमच्या पडवीतून तो दिवा बघायची. तो मापाचा, लेव्हलचा दगड आहे, लोखंडाचा रंग आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ठाऊक असून काय उपयोग. रोज तिन्हीसांजेला माझी नजर वर जायची आणि वाटायचं, आपणही एकदा जावं. कुणाचं काय जाणार आहे?

त्याच सुमाराला श्रीपादचा चेहरा खुलू लागला. बाकीचे दगड आधीच थांबले होते, कारण त्यांच्याखालचा थर पातळ होता. पाचवाच तेवढा हट्टी होता, आधी आठवड्याला एखादं सूत आणि आता रोज सूतभर खाली. त्याने भाकीत केलं होतं, दोन इंच बसेल आणि थांबेल. मुंबईचे मोठे साहेब म्हणत होते, थांबणार नाही, वाडी उठवा. वाडी उठवायची म्हणजे पोटुशा बाईसकट सगळ्यांना थंडीत माळावर आणायचं. श्रीपादला ते नको होतं. आणि खरोखरच, दोन इंच भरत आले असताना पाचवा दगड थांबला. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. एक सूतही नाही. बोगद्यातल्या भिंतींमधलं अंतर मोजायच्या खुणा त्या जागी लाकडांच्या मागे दडल्या होत्या, म्हणून सगळी भिस्त वरच्या दगडावर होती. मोठ्या साहेबांनी मान डोलावली. आता मधले टेकू काढायचे आणि तिथे काँक्रीटचं अस्तर घालायचं ठरलं.

"आज दुसऱ्या पाळीला टेकू काढायला घेतोय," जेवताना तो म्हणाला. "विठ्ठलची टोळी आहे. शुभदा, माझं गणित चुकलं नाही."

इतक्या आनंदात मी त्याला वर्षात पाहिलं नव्हतं. मला बरं वाटायला हवं होतं. उलट माझ्या मनात आलं, डोंगरानेसुद्धा ह्याचं ऐकलं. सगळ्यांना सगळं मिळतंय. आणि मी उठले, पिशवीत नारळ टाकला आणि उन्हं कलल्यावर वाडीची वाट धरली. लाज वाटत होती. पाय मात्र भराभर चालत होते.

वाडीत पोचले तेव्हा कलावती दिवा लावत होती. दिवा झाल्यावर ती अवघडून खाली बसली, ओट्याच्या बाजूचा एक सुटा दगड तिने काढला आणि हातातल्या बत्त्याने आत कशावर तरी हलकेच ठोका मारला.

"हे काय गं?" मी विचारलं.

ती दचकली नाही. तिला लपवायचं काही नव्हतंच. "पाचर हाय ताई. देव रोज थोडा खाली जातो ना. सायबच वरडून सांगत्यात सकाळच्याला, पाचवा एक सूत खाली. मला लई भ्या वाटलं. देव जमिनीत गेला तर माजं पोर ऱ्हाईल का? मग ह्यांच्याकडनं पाचरा आणल्या, दार घासतंय म्हून सांगितलं. रोज दिवा लावताना एक ठोका मारते. जेवढा खाली जातो तेवढा वर घेते. आता सायब म्हनत्यात, थांबला." ती हसली. दमलेल्या, समाधानी माणसाचं हसू होतं ते.

दगड थांबला नव्हता. ती दगडाला थांबवत होती, रोज एक सूत, आणि खाली डोंगर तसाच बसत चालला होता. ह्या क्षणी त्या डोंगराखालचे टेकू काढले जात होते आणि काढणारा तिचाच नवरा होता.

खरं सांगते, तेवढ्यातही मी दगडाकडे पाहिलं. पिशवीतल्या नारळाचं ओझं हाताला जाणवलं. एक क्षण लागतो पदर पसरायला. पण मी पदर खोचला. खाली बोगद्यात असलेल्यांच्या जिवावर उठून काय मागणार?

"कलावती, सगळ्यांना घराबाहेर काढ," मी म्हटलं. "आत्ता. चूल पेटती असली तरी तशीच ठेवून." आणि उतारावरून पळत सुटले. नारळ कुठेतरी पडला.

बोगद्याच्या तोंडाशी मुकादम आडवा आला. बाई आत गेली की डोंगर रुसतो, असा तिथे समज होता. मी म्हटलं, "तो रुसलेलाच आहे. साहेबांना बोलवा, नाहीतर मी चालले आत." माझा अवतार बघून तो आत पळाला. श्रीपाद बाहेर आला, कपाळावर तांबडी माती.

"पाचवा थांबलेला नाही," मी म्हटलं. "खाली पाचर आहे. कलावती रोज उचलते."

नवऱ्याच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरताना बघणं फार वाईट. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. वळला आणि आत ओरडला, टेकू काढणं बंद, काढलेले परत लावा, सगळी टोळी कामाला. नंतर विठ्ठल सांगायचा, त्यांनी तीन टेकू काढले होते; चौथ्याची पाचर घणानेही निघेना, इतका भार तिच्यावर आला होता. ती निघाली असती तर काय झालं असतं हे तो सांगत नसे.

अंधार पडू लागला होता, तरी श्रीपाद दुर्बीण आणि कंदील घेऊन वर गेला. काम सुरू व्हायच्या आधी त्याने सगळ्या घरांच्या उंबरठ्यांची मापं घेऊन ठेवली होती. कलावतीच्या उंबरठ्यावर पट्टी धरली तर तो तीन इंच खाली. दगड म्हणत होता थांबलोय, आणि हाताभर अंतरावरचा उंबरठा खाली चालला होता. त्याच संध्याकाळी वाडी रिकामी केली. दुसऱ्या दिवशी कलावतीच्या मागच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. घरात कुणी नव्हतं. बोगद्यात लाकडं दुपटीने उभी राहिली, नवे दगड बसले, ह्या वेळी बिनरंगाचे. काही दिवसांनी त्या जमिनीचा जोर खरोखरच उतरला. मोठ्या साहेबांनी श्रीपादला वसाहतीत सगळ्यांसमोर झाडलं आणि तो खाली मान घालून ऐकत राहिला.

कलावती आमच्याच मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायला आली होती. तिला कुणी बोल लावला नाही, श्रीपादने लावू दिला नाही. "मी नको तो रंग लावला आणि नको तेवढ्या मोठ्याने ओरडलो," एवढंच तो सगळ्यांना सांगायचा. तिला मुलगी झाली ती तिथेच. तिचं नाव रतन. मी तिचं रडं पहिल्या दिवसापासून ओळखायची.

पण त्याच्या आधी, जमीन थांबली त्या आठवड्यातली गोष्ट. जेवता जेवता श्रीपादने मान वर केली आणि विचारलं, "तू त्या दिवशी वर कशाला गेली होतीस?"

इतके दिवस त्याला वेळ नव्हता, म्हणून मी सुटले होते. मला भाजी आणायला गेले होते असं म्हणता आलं असतं. पण नऊ वर्षांचा राग एकदम तोंडाशी आला.

"नवस बोलायला," मी म्हटलं. "तुमच्या लेव्हलच्या दगडाला. मॅट्रिक झालेली तुमची बायको लोखंडाच्या रंगाला नवस बोलायला गेली होती. हसा. मी रोज संध्याकाळी तो दिवा बघत बसायची. तुम्हाला काय त्याचं? तुमचं आपलं बघू, बघू. मला मूल हवंय, श्रीपाद. मला एकटीला हवंय आणि मला आता एकटीने हवं असणं झेपत नाही."

उभ्या जन्मात त्याला तोंडावर नावाने हाक मारली ती तेवढीच. तो हसला नाही. ताटातला घास तसाच ठेवून उठला, हात धुतला आणि बाहेर गेला. मी ताटं उचलली, घासली, परत घासली. वाटलं, संपलं. जे विचारायची भीती होती त्याचं उत्तर मिळालं.

सकाळी कामावर जायच्या वेळी तो दाराशी थांबला. "चल," म्हणाला.

आम्ही वाडीवर गेलो. तो पुढे, मी मागे. घरं ओसाड, दारं उघडी, एक कोंबडी तेवढी मागे राहिली होती. कलावतीच्या दारासमोरचा ओटा एका बाजूला कलला होता. दगड होता तसाच होता, वाळलेल्या फुलांसकट. श्रीपादने चपला काढल्या. देवळात गेलं तरी बाहेर उभं राहून खांबांची मापं काढणारा माणूस तो.

"हा आता माझ्या कामाचा राहिला नाही," तो म्हणाला. "ह्याच्याखाली पाचर गेली. आता ह्याला देव म्हणायला माझी हरकत नाही."

मला कळेना हसावं की चिडावं.

"काय म्हणायचं असतं?" त्याने विचारलं.

"काही नाही. मनात मागायचं."

त्याने दगडावरची वाळलेली फुलं बाजूला केली. मग म्हणाला, "मनात मी रोजच मागतो गं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मागतोय. तुला म्हटलं नाही, कारण मीही रडायला लागलो तर तू कुणाकडे बघणार, असं वाटायचं."

आणि मग, दुर्बिणीमागून रीडिंग सांगायचा तसल्या मोठ्या, स्वच्छ आवाजात, त्या रिकाम्या वाडीला ऐकू जाईल असं तो म्हणाला, "आम्हाला मूल हवंय. मला हवंय."

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि शेजारी बसले. खाली बोगद्याचा भोंगा झाला, पाळी सुरू झाली, तरी तो उठला नाही. नोकरीत पहिल्यांदाच तो त्या दिवशी उशिरा कामावर गेला.